एकादशी आईची, दुधाला मात्र सुट्टी नाही

वडोदऱ्यातल्या मराठी घराला उपवासांचा दुहेरी कोटा मिळतो. इकडून आषाढी, हरतालिका, महाशिवरात्र. तिकडून शेजारच्या बेननी शिकवलेली भीम अगियारस, जया पार्वती, शीतळा सातम. दांडिया बाजार-रावपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांत कोणता उपवास गायकवाडांबरोबर आला आणि कोणता शेजारच्या पोळमधून, म्हणजे गल्लीतून, शिरला, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. अशा घरात तान्हं बाळ असलं की वाद ठरलेला. एक पक्ष म्हणतो, "उपवास धरलास तर दूध आटेल." दुसरा म्हणतो, "आम्ही नाही का धरले?" गंमत म्हणजे दोन्ही पक्ष थोडे बरोबर आहेत आणि बरेच चूक.

दुधाला तिथी कळत नाही

पहिले सहा महिने आईच्या अंगावर दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध तयार होतं. त्यात 87 टक्के पाणी. एक दिवस आई जेवली नाही म्हणून हा कारखाना बंद पडत नाही. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, रक्तातल्या ग्लुकोजपासून बनते. ग्लुकोज कमी पडायला लागलं की स्तनातल्या पेशी चरबीतून सुटणाऱ्या ग्लिसरॉलसारख्या इतर मालापासून साखर बनवण्याचं प्रमाण वाढवतात. बाळाचं ताट भरलेलं राहतं, बिल आईच्या अंगावर फाटतं.

हे बिल किती, तर आयसीएमआरच्या शिफारशीनुसार पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज 600 किलोकॅलरी जादा लागतात, पुढच्या सहा महिन्यांत 520. एक दिवस हे जमलं नाही तर अंगावरची चरबी कामाला येते. गरोदरपणात ती साठवलेली असते तीही बऱ्याच अंशी याचसाठी.

रोजे, योम किप्पुर आणि 7.6 टक्के

बहुतेक हिंदू उपवासांत निदान पाणी चालतं. खरी कसोटी निर्जळीची. ती 1980 च्या दशकात गाम्बियातल्या केनेबा गावी ब्रिटिश संशोधकांनी मोजली. रमजानचे रोजे धरून बाळाला पाजणाऱ्या बायका दिवसभरात अंगातलं 7.6 टक्के पाणी गमावत होत्या. दुधाचं प्रमाण? तेवढंच. मात्र दुधातल्या लॅक्टोज, सोडियम, पोटॅशियम यांची पातळी हलली होती. म्हणजे कारखाना चालू होता, पण ओढाताणीत. या बायका रात्री भरपूर पाणी पिऊन साठा आधीच वाढवून ठेवत.

योम किप्पुरला, म्हणजे ज्यूंच्या एक दिवसाच्या निर्जळी उपवासात, दुधात सोडियम आणि प्रथिनं वाढलेली आढळली, लॅक्टोज घटलेलं. तुर्कस्तानात रमजानमध्ये तपासलं तर बाळांच्या वाढीत फरक दिसला नाही, पण दुधातलं झिंक, मॅग्नेशियम, पोटॅशियम कमी झालं होतं. इस्लाममध्ये पाजणाऱ्या आईला रोजा पुढे ढकलायची सवलत आहेच, आणि बाळंतपणानंतर रक्तस्राव चालू असेपर्यंत रोजा धरायचाच नसतो.

एक उलटा गैरसमजही इथेच मोडून टाकू. तहानेपेक्षा जास्त पाणी ढोसल्याने दूध वाढत नाही. तांब्यावर तांबे पाजणाऱ्या आजेसासूबाईंचं प्रेम खरं, शरीरशास्त्र नाही.

मग दूध आटतं ते कुठे?

माझं मत विचाराल तर चोर उपवास नाही, संध्याकाळ आहे. नवजात बाळं संध्याकाळी सारखी सारखी पितात, पाच-पाच मिनिटांनी तोंड लावतात, रडतात. ही त्यांची रीतच आहे, उपवास असो वा नसो. पण नेमकी हीच वेळ उपाशी आईचं डोकं दुखायची. छाती सैल लागते, बाळ किरकिरतं आणि घरातून निकाल येतो: "बघ, दूध संपलं. वरचं पाजा."

इथेच खरी खोट बसते. दूध मागणीवर बनतं. जितकं काढलं जाईल तितकं भरतं. बाळाने बाटलीतून एक पाळी भागवली की तेवढी मागणी कमी झाली. दोन-चार दिवस हेच चाललं तर दूध खरोखर घटतं आणि नाव मात्र एकादशीचं खराब होतं. पान्हा सोडणारं ऑक्सिटोसिनही आईच्या ताणाने अडखळतं, त्यामुळे "आटलं, आटलं" असा घोष करणाऱ्यांचा हातभार वेगळाच. दूध पुरतं की नाही हे छाती चाचपून कळत नाही, लंगोट मोजून कळतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट निघाले तर गप्प बसावं.

अमेरिकेहून आलेलं उपवासाचं ताट

साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, राजगिरा. सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. आपला साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा आणि त्याचं मोठं उत्पादन तमिळनाडूत सेलमकडे. प्राचीन व्रताची ही बरीच अर्वाचीन थाळी. भगर आणि शिंगाडा तेवढे जुने रहिवासी.

पाजणाऱ्या आईच्या दृष्टीने साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमही प्रथिनं नाहीत. खिचडीची अब्रू राखतो तो शेंगदाण्याचा कूट. त्यापेक्षा राजगिरा कितीतरी सरस: तांदळाच्या दीडपटीहून जास्त प्रथिनं आणि भरपूर कॅल्शियम. खंडेराव मार्केटकडे भाजी आणायला जाणाऱ्याने पिशवीत राजगिऱ्याची पालेभाजीही टाकावी. ती उपवासाला चालते की नाही यावर मात्र घरोघरी वेगळा कायदा आहे, त्यात मी पडत नाही.

स्वस्त आणि इथलंच खा, हा धडा वडोदऱ्याच्याच विद्यापीठात शास्त्रशुद्ध रीतीने गिरवला गेला. महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1950 मध्ये गृहविज्ञान शाखा सुरू झाली, त्या वेळी कुलगुरू होत्या हंसा मेहता. त्याच विद्यापीठाच्या बायोकेमिस्ट्री विभागात डॉ. आर. राजलक्ष्मी यांनी महागड्या परदेशी आहारतक्त्यांऐवजी स्थानिक धान्यं, डाळी आणि पालेभाज्यांवर आयुष्यभर काम केलं. कमी खायला मिळणाऱ्या गरीब भारतीय बायकांच्या गरोदरपण-बाळंतपणावरचा त्यांचा लेख 1971 चा. या बायकांचा उपवास कॅलेंडरमध्ये छापलेला नसतो आणि दुसऱ्या दिवशी सुटतही नाही. दुधाचा खरा प्रश्न तिथला आहे.

सैंधवाची गुपचूप कटकट

उपवासाला साधं मीठ वर्ज्य म्हणून सैंधव वापरतात. पाकिटावर तसं लिहिलेलं नसेल तर त्यात मिसळलेलं आयोडीन नसतं. बाळाला मिळणारं आयोडीन आईच्या दुधातून येतं आणि जागतिक आरोग्य संघटना पाजणाऱ्या आईसाठी दिवसाला 250 मायक्रोग्रॅम सांगते. एका एकादशीने काही बिघडत नाही, जया पार्वतीच्या पाच अळणी दिवसांनीही नाही. थायरॉइडकडे साठा असतो. पण "शुद्ध" म्हणून वर्षभर सैंधवच वापरणारी घरं वाढली आहेत. त्यांनी आयोडीनयुक्त मीठ परत आणावं.

गरबा चालेल

नवरात्रात नऊ दिवस फलाहार आणि रात्री गरबा हा वडोदऱ्याचा राष्ट्रीय कार्यक्रम. नाचल्याने दूध आंबतं ही अफवा आहे. मध्यम व्यायामाने दुधाचं प्रमाण बदलत नाही आणि बाळ कुरकुर न करता पितं. तीन तास छाती भरून ठेवली तर मात्र गाठी होऊ शकतात. मध्यांतरात पाजून घ्यावं.

वासराच्या वाट्याचं दूध

दूध पाजणाऱ्यांसाठी खास म्हणावीत अशी व्रतं दोन: आपली वसुबारस आणि गुजरातची श्रावण वद्य चतुर्थीची बोळचोथ. दोन्हीत गाय-वासराची पूजा आणि त्या दिवशी गाईचं दूध आणि त्याचे पदार्थ वर्ज्य. निदान एक दिवस वासराचा हिस्सा वासराला.

इथे थांबायचं

गाईवरून आठवलं. वडोदऱ्याहून तासाभरावरच्या आणंदला कुठल्याही गुरांच्या डॉक्टरांना विचारा, व्यायलेली दुभती गाय नीट खात नसेल तर तिला कीटोसिस होतो. बाईलाही होऊ शकतो, क्वचित, पण गंभीर. पाजणारी आई दिवसेंदिवस उपाशी राहिली तर रक्तात कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होतं. म्हणून जैनांच्या पर्युषणातली अठ्ठाई, म्हणजे आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर, अंगावर पाजणाऱ्या आईने करू नये, हे इतर कशाहीपेक्षा ठामपणे सांगतो. भीम अगियारसही निर्जळी नको. ती ज्येष्ठात येते आणि तेव्हाचा बडोद्याचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. गुजरातेत त्या दिवशी आंबे खायची चाल आहे, ती पाळावी. सतत उलट्या, धाप, गुंगी यांपैकी काही दिसलं तर साखरपाणी देत घरी बसू नका, सरळ सयाजी हॉस्पिटल गाठा.

धर्मशास्त्राची पळवाट

आता सासूबाईंसाठी. व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी धर्मशास्त्रात सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध आहे. गुरूची आज्ञाही आहे, म्हणजे डॉक्टरांना गुरू मानलं की काम झालं. गर्भिणी आणि बाळंतिणीला पूर्ण उपवासाऐवजी नक्त, म्हणजे दिवस मावळल्यावर एक जेवण, अशी सवलत पुराणांत आहे. आणि तेही झेपत नसेल तर प्रतिनिधी नेमता येतो. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा प्रतिनिधींचा विषय तपशिलात मांडला आहे: मुलगा, भाऊ, बहीण, पुरोहित आणि हो, नवराही चालतो. मुलगा अजून दुपट्यात असल्यामुळे यादीतलं पुढचं नाव कोणाचं, हे घरात ठरवून घ्यावं. नवरोबांनी सुरुवात भीम अगियारसपासून केली तर उत्तम, पंखा बंद न करता.