हॉट रॉड बांधताना : बिघाड सांध्यांत असतो

जुन्या मोटारीचा सांगाडा घ्यायचा, त्यात मुळापेक्षा कितीतरी ताकदवान इंजिन बसवायचे, नको असलेला पत्रा काढून गाडी हलकी करायची आणि हे सगळे शक्यतो स्वतःच्या गॅरेजात करायचे, या उद्योगातून तयार होणारी गाडी म्हणजे हॉट रॉड. हा छंद अमेरिकेत, मुख्यतः दक्षिण कॅलिफोर्नियात वाढला. मुरॉक आणि एल मिराज इथल्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांवर १९३०च्या दशकात तरुण मंडळी आपापल्या गाड्यांचा वेग मोजून घेत. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली आणि जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ हे मासिक निघाले. या मंडळींची सर्वांत लाडकी गाडी म्हणजे १९३२ची फोर्ड. सामान्य माणसाला परवडणाऱ्या या गाडीत फोर्डने त्या वर्षी २२१ घनइंचांचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन दिले होते. आज त्याच घाटाच्या बॉडीत, जी पुष्कळदा फायबरग्लासची नक्कल असते, शेव्हरोलेचे ३५० घनइंची इंजिन सर्रास बसवले जाते.

अशा गाडीत इंजिन एका कंपनीचे, मागचा ॲक्सल दुसऱ्या कंपनीचा, स्टेअरिंग बॉक्स तिसऱ्याच गाडीतून काढलेला आणि मीटर बाजारातून आणलेले असतात. सुटा तपासला तर प्रत्येक भाग ठणठणीत निघतो. तरीही गाडी थरथरते, तापते, दिवे मिणमिणतात. याचे कारण दोन भाग जिथे भेटतात तिथे सापडते. कारखान्यात या भेटी जमवण्याचे काम अभियंत्यांनी आधीच केलेले असते. इथे ते बांधणाऱ्यालाच करावे लागते, आणि या कामाची खरी गोडीही त्यातच आहे.

पहिला प्रश्न जागेचा. शेव्हरोलेच्या या इंजिनात डिस्ट्रिब्युटर मागच्या टोकाला असतो आणि १९३२च्या फोर्डची इंजिनखोली आखूड. इंजिन मागे सरकवले तर डिस्ट्रिब्युटर फायरवॉलवर, म्हणजे इंजिनखोली आणि केबिन यांमधल्या पत्र्यावर आपटतो, पुढे घेतले तर पंखा रेडिएटरला भिडतो. म्हणून फायरवॉल कापून तिथे आत गेलेला खोबणीसारखा पत्रा बसवतात. एक्झॉस्टचे पाइप स्टेअरिंगच्या दांड्याला लागतात. तेच पाइप सेल्फच्या अगदी जवळून गेले, तर गरम इंजिन बंद करून पुन्हा चालू करताना सेल्फ जड फिरतो किंवा फिरतच नाही, आणि गाडी थंड झाली की आपोआप शहाणी होते. तिथे उष्णता अडवणारा पत्रा लावणे हा साधा उपाय आहे. अनुभवी बांधणारे संपूर्ण गाडी आधी रंगाशिवाय जुळवतात, थोडी चालवूनही पाहतात आणि मगच सगळी उकलून रंगाला देतात. हा क्रम पाळण्यासारखा आहे, कारण रंगानंतर वेल्डिंग करावे लागले तर दोन्ही कामे वाया जातात.

थरथरीचा प्रश्न अधिक खोल आहे. गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल यांना जोडणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. असा जॉइंट कोनात फिरला की पुढचा दांडा एकसारख्या वेगाने फिरत असूनही मागचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित जलद आणि दोनदा किंचित मंद होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले आणि गिअरबॉक्सचा दांडा व ॲक्सलचा पिनियन एकमेकांना समांतर असले, तर एका जॉइंटचा चढउतार दुसरा मोडून काढतो. इंजिनाचे मागचे टोक तीन अंश खाली झुकले असेल, तर पिनियनचे तोंड तितकेच वर उचललेले हवे. जॉइंटचा कोन साधारण एक ते तीन अंशांत राहावा. शून्य अंश ऐकायला आदर्श वाटतो, पण त्या स्थितीत जॉइंटमधल्या सुईबेअरिंग हलतच नाहीत, एकाच जागी दाबल्या जातात आणि तिथे खाचा पडतात. हे माप चाकांवर गाडीचे पूर्ण वजन असतानाच घ्यायचे. जॅकवर ॲक्सल लोंबकळत असताना घेतलेला कोन रस्त्यावरच्या कोनाशी जुळत नाही.

थरथर कुठून येते हे ओळखण्याची रीतही ठरलेली आहे. मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी. इंजिन मंदावूनही थरथर तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष ठरते. मग उरतात चाके आणि शाफ्ट. मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर साडेतीन असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट साडेतीन फेरे घेतो. म्हणून चाकाची थरथर संथ, हेलकाव्यासारखी जाणवते आणि शाफ्टची बारीक, गुणगुणल्यासारखी. ॲक्सिलरेटर दाबताच ती बदलत असेल, तर जोर पडल्यावर पिनियन वर फिरतो आहे, असा संशय धरावा.

ब्रेकचा एक दोष फसवा असतो. या गाड्यांत मास्टर सिलिंडर बहुधा जमिनीच्या पत्र्याखाली, म्हणजे कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर येतो. उभ्या गाडीत ऑइल हळूहळू मागे ओघळते आणि पुढच्या खेपेला पेडल पहिल्या दाबात खोल जाते. त्यासाठी लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह बसवतात. डिस्कसाठी तो २ पीएसआयचा आणि ड्रमसाठी १० पीएसआयचा असतो. अदलाबदल झाली आणि १० पीएसआयचा व्हॉल्व्ह डिस्कच्या लाइनमध्ये गेला, तर पॅड सतत घासत राहतात आणि चाक तापते.

इंजिन तापण्याच्या तक्रारीत पहिला प्रश्न एकच विचारावा : केव्हा तापते? सिग्नलला उभी असताना तापत असेल आणि वेगात थंड होत असेल, तर हवा कमी पडते आहे. पंखा, त्याच्याभोवतीचे आवरण आणि रेडिएटरपासूनचे अंतर तपासावे. उलट वेगात तापत असेल, तर पाण्याचा प्रवाह किंवा रेडिएटरची ताकद अपुरी आहे. कधी पंपाच्या ओढीने रेडिएटरचा खालचा होज चपटा होतो, हे उभ्या गाडीत दिसतही नाही. जुन्या फोर्डच्या फ्लॅटहेड इंजिनात एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधूनच जाते, त्यामुळे ते मुळातच तापट. ठिणगी उशिरा पडत असली तरी इंजिन तापते, म्हणून रेडिएटर बदलण्याआधी टायमिंग पाहून घ्यावे.

विजेचे बिघाड सर्वांत जास्त छळतात, आणि त्यांतले बहुतेक अर्थिंगचे असतात. फोर्डच्या मोटारी १९५५पर्यंत ६ व्होल्टवर चालत आणि त्यांत बॅटरीची धन बाजू चासीला जोडलेली असे. नव्या इंजिनाबरोबर १२ व्होल्ट आणि ऋण अर्थ येतो. बल्ब बदलावे लागतात, जुने मीटर ठेवायचे तर व्होल्टेज उतरवावे लागते, आणि डायनॅमोसाठी बनलेल्या जुन्या अँमीटरमधून अल्टरनेटरचा सगळा प्रवाह नेणे तर धोक्याचे. तिथे व्होल्टमीटर बसवणे उत्तम.

मुख्य अडचण अशी, की वीज परत येण्याची वाट कोणी मुद्दाम आखत नाही. लोखंडी बॉडीत ती आपसूक मिळते, फायबरग्लासच्या बॉडीत मिळत नाही. तिथे प्रत्येक दिव्यापासून चासीपर्यंत स्वतंत्र वायर हवी. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असते आणि चासीवर जाड रंगाचा थर असतो. रबर आणि रंग दोन्ही वीज अडवतात. इंजिनापासून चासीपर्यंत जाड पट्टी जोडायची राहिली, तर सेल्फ मारताच शे-दोनशे अँपिअरचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबलमधून धूर येतो. मागच्या दुहेरी फिलामेंटच्या बल्बचा अर्थ सुटला, तर प्रवाह दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा जातो. ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणला, तर वायरिंग उकलत बसू नये. आधी त्या बल्बचा अर्थ पाहावा.

अर्थ कच्चा आहे का, हे मल्टिमीटर सांगतो, मात्र मोजणी प्रवाह चालू असताना करायला हवी. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. काटा दोन-तीन दशांश व्होल्टच्या वर गेला, तर जोड घासून पुन्हा घट्ट करावा. बंद गाडीत त्याच जोडाचा रोध मोजला तर तो उत्तम दिसतो, कारण केबलचा एक शाबूत धागासुद्धा मल्टिमीटरला पुरतो.

दोन बिघाड सुट्या भागांच्या भेटीतूनच जन्मतात. चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहते, हा त्यांतला एक. तीन वायरींच्या अल्टरनेटरला जागे करणारी वायर इग्निशनला थेट जोडली, तर चावी काढल्यावरही अल्टरनेटर त्याच वायरीने कॉइलला वीज पुरवतो. मध्ये डायोड किंवा चार्जिंगचा लहान दिवा घातला की प्रश्न मिटतो. दुसरा बिघाड पेट्रोलच्या काट्याचा. जुन्या फोर्डच्या टाकीतला सेंडर टाकी रिकामी असताना सुमारे ७३ ओहम आणि भरलेली असताना १० ओहम रोध दाखवतो. जनरल मोटर्सचा मीटर मात्र शून्याला रिकामी आणि ९० ओहमला भरलेली समजतो. दोघांना जोडले, की भरलेली टाकी रिकामी दिसते आणि रिकामी जवळजवळ भरलेली. सेंडर आणि मीटर एकाच मापाचे घेणे, इतकाच त्यावर इलाज.

फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरवावा आणि तो बॅटरीच्या जवळ बसवावा. अशा गाडीचे छापील मॅन्युअल कुठेच मिळत नाही. प्रत्येक वायरचा रंग, जाडी, फ्यूज आणि ती कुठून कुठे जाते, सेंडर कोणत्या गाडीचा, व्हॉल्व्ह किती पीएसआयचा, हे बांधतानाच कागदावर उतरवून तो कागद गाडीतच ठेवावा. पुढे ती दुरुस्त करायला घेणाऱ्या प्रत्येकाला तोच उपयोगी पडेल.