कला शाखेच्या मुलाचा प्रवेशअर्ज

आपल्याकडच्या मराठी घरांत साहित्याला मान आहे. साहित्य शिकायला निघालेल्या मुलाला तो मिळतोच असे मात्र नाही. शारदोत्सवात पहिल्या रांगेत बसणारे, गणेशोत्सवाच्या वक्तृत्वस्पर्धेतील नातवाची ढाल दिवाणखान्यात मांडणारे आजोबा, तोच नातू अकरावीला इतिहास आणि राज्यशास्त्र घेणार म्हणाला की एकदम गप्प होतात. ‘गणित झेपले नाही वाटते,’ अशी दबकी चौकशी शेजारी करतात. माळव्यातील शासकीय शाळांत इतकी वर्षे काढल्यावर मला एवढे खात्रीने सांगता येते की, कला शाखेत दोन प्रकारची मुले येतात. काही दुसरीकडे जागा न मिळाल्याने येतात आणि काही स्वतःहून, आवडीने येतात. हा लेख मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. या मुलांसाठी देशातील नामवंत महाविद्यालयांची दारे आहेत. पण ती कोणत्या महिन्यात उघडतात आणि कधी लागतात, हे सांगणाऱ्या शिकवणीवर्गांच्या पाट्या विज्ञान शाखेप्रमाणे चौकाचौकांत लागलेल्या नसतात. त्यामुळे पुष्कळदा गुण असूनही मूल मागे राहते.

दिल्ली विद्यापीठाचेच उदाहरण घेऊ, कारण मानव्यविद्यांच्या पदवीसाठी आपल्या मुलांचे डोळे आधी तिकडेच लागतात. २०२१ पर्यंत तेथील प्रवेश बारावीच्या टक्केवारीवर होत. त्या वर्षी हिंदू आणि रामजस या महाविद्यालयांत राज्यशास्त्राच्या पहिल्या यादीचा आकडा शंभर टक्के लागला होता! कोणते मंडळ सढळ हाताने गुण देते आणि कोणते हात आखडता घेते, यावर मुलाचे नशीब ठरू लागले. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा सुरू झाली. २०२५ साली ठरलेल्या पद्धतीप्रमाणे विद्यार्थ्याला जास्तीत जास्त पाच विषय निवडता येतात. प्रत्येक विषयाला साठ मिनिटांत पन्नास प्रश्न, अचूक उत्तराला पाच गुण आणि चुकलेल्या उत्तरामागे एक गुण वजा. अभ्यासक्रम बारावीचा, एनसीईआरटीच्या पुस्तकांना धरून असतो. म्हणजे शासकीय शाळेतील मुलाच्या दप्तरात असू शकणारी पुस्तकेच येथे उपयोगी पडतात. माझ्या मते ही या पद्धतीतील सर्वांत न्याय्य गोष्ट आहे.

खरी मेख आहे ती विषय निवडण्यात. हा अर्ज वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत, बारावीच्या परीक्षेच्या धांदलीत भरावा लागतो आणि त्या वेळी निवडलेले विषय पुढे कोणत्या पदवीला पात्र ठरायचे ते ठरवून टाकतात. दिल्लीला अर्थशास्त्राच्या ऑनर्ससाठी गणिताचा पेपर आवश्यक असतो. इंग्रजी साहित्यासाठी भाषेचा पेपर इंग्रजीचाच लागतो. ‘मला अर्थशास्त्र फार आवडते’ असे म्हणणाऱ्या मुलाने अकरावीतच गणित सोडले असेल, तर तो रस्ता दोन वर्षे आधीच बंद झालेला असतो. म्हणून दहावीच्या निकालानंतर विषय ठरवतानाच पदवीचा विचार झाला पाहिजे.

येथे आपल्या समाजाशी निगडित एक मुद्दा सांगणे भाग आहे. या परीक्षेत भाषा म्हणून मराठीचा स्वतंत्र पेपर आहे, आणि इतर विषयांचे पेपरही ज्या तेरा भाषांतून देता येतात त्यांत मराठी आहे. हे वाचून अनेक पालकांचा ऊर भरून येतो आणि मुलाने मराठीच निवडावी असा आग्रह ते धरतात. मी स्वतः मराठीचा एम. ए. आहे, तरी या आग्रहाला माझा विरोध आहे. बारावीत शिकलेल्या विषयांतच परीक्षा द्यावी अशी दिल्ली विद्यापीठाची अट असते. इंदूर–ग्वाल्हेरकडची आपली बहुतेक मुले शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकतात. घरी मराठी बोलणे म्हणजे बारावीला मराठी शिकणे नव्हे. ज्या मुलाने ‘संविधान सभा’ आणि ‘भूमि सुधार’ हिंदीतून वाचले, त्याने ऐन परीक्षेत मराठी परिभाषेशी झटापट का करावी? अभिमान खरा असेल तर तो पुढे कामी येतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मराठी पक्की करून मोडी शिकून घेतली, तर पुण्याच्या पेशवे दप्तरापासून तंजावरच्या सरस्वती महालापर्यंतची कागदपत्रे त्याच्यापुढे खुली होतात. दिल्लीच्या वर्गातील किती मुलांना हे साधेल? रियासतकार सरदेसायांनी उमेदीची वर्षे बडोद्याच्या गायकवाडांच्या पदरी काढली, हे आपण बृहन्महाराष्ट्राच्या व्यासपीठांवर नेहमी ऐकतो. त्यातून घेण्यासारखी गोष्ट ही आहे.

निकाल लागल्यावर दुसरा टप्पा येतो, तो पसंतीक्रमाचा. येथे विषय आणि महाविद्यालय यांच्या जोड्या क्रमाने लिहायच्या असतात. गुण आणि जागा यांचा मेळ घालून विद्यापीठ त्यातली शक्य तेवढी वरची जोडी देते. पुढच्या फेरीत वर सरकता येते, खाली उतरता येत नाही. आणि वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते. मी पाहतो ते असे की, घरातील वडीलधारे हा क्रम भीतीने लिहितात. ‘एवढे मोठे कॉलेज आपल्याला कुठले मिळायला’ म्हणून सुरक्षित वाटणारे नाव सर्वांत वर घालतात. मग तेच मिळते, आणि मनातले कॉलेज तेवढ्याच गुणांवर दुसऱ्या कोणाला तरी जाते. क्रम इच्छेचा लिहावा, अंदाजाचा नव्हे. यादी मात्र भरपूर लांब असावी. याच्या उलट चूकही होते. कॉलेजच्या नावासाठी नावडता विषय वर लिहिला जातो. नाव सांगायला चार दिवस बरे वाटते, विषय तीन-चार वर्षे रोज वाचावा लागतो.

प्रमाणपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. मागासवर्गीय जातींच्या याद्या राज्याराज्यांत निराळ्या असतात, आणि केंद्राची यादी राज्याच्या यादीशी तंतोतंत जुळतेच असे नाही. महाराष्ट्रातून येऊन पिढ्यान् पिढ्या इकडे राहिलेल्या कुटुंबांची येथे हमखास धावपळ होते. आजोबांचे मूळ गाव, त्यांच्या स्थलांतराचे साल, जुना दाखला हे सारे प्रवेशाच्या आठवड्यात शोधू नये; अकरावीतच तहसील कचेरीत विचारून घ्यावे.

कायद्याकडे वळू इच्छिणाऱ्यांसाठी क्लॅट आहे. भोपाळच्या राष्ट्रीय विधि संस्थेत याच परीक्षेतून प्रवेश मिळतो. हा पेपर इंग्रजीत असतो आणि त्याचा गाभा उतारे वाचून नेमके समजून घेण्याचा असतो. रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचणाऱ्या मुलाची निम्मी तयारी घरीच झालेली असते.

अझीम प्रेमजी किंवा अशोका यांसारख्या खासगी विद्यापीठांत लेखन आणि मुलाखत यांनाही वजन असते. त्यांची फी ऐकून पालक हबकतात, पण कुटुंबाच्या उत्पन्नानुसार तेथे साहाय्य मिळते. अर्जाबरोबरच त्याची चौकशी करावी. निबंध मात्र वडिलांनी किंवा मास्तरांनी लिहून देऊ नये. एका विद्यार्थ्याने मला दाखवलेला पहिला मसुदा देशसेवा, समाजऋण आणि उज्ज्वल भवितव्य यांनी ओसंडून वाहत होता. मी त्याला विचारले, ‘बाळ, गेल्या रविवारी तू काय केलेस?’ तो म्हणाला, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर जाऊन बसलो होतो. दगडावरचे कोरीव काम कोणी केले असेल, त्या कारागिरांची नावे का सापडत नाहीत, हे डोक्यात घोळत होते. तेच लिही, एवढेच मी त्याला सांगितले. तपासणाऱ्याला देशसेवेचे शंभर निबंध वाचावे लागतात. नावे न सापडलेल्या कारागिरांविषयी प्रश्न पडलेले मूल क्वचित भेटते.

एक गोष्ट मला खटकते, ती लिहितो. बहुपर्यायी परीक्षेमुळे कला शाखेची मुले लिहिणे सोडून देत आहेत. चार पर्यायांतून एकावर बोट ठेवायची सवय इतकी लागते की, फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे सलग दोन पाने लिहा म्हटले की पेन अडते. प्रवेश मिळवून गेलेली मुले पहिल्याच सत्रात पत्र-फोनवरून सांगतात की, तेथे सारे मूल्यमापन लेखनावर आहे. आठवड्याला एक निबंध, हाताने लिहिलेला, ही जुनी शिस्त बारावीच्या वर्षीही सोडू नये.

शेवटचा प्रश्न अर्जात कुठेच छापलेला नसतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका मुलीला दिल्लीला इतिहासाची जागा मिळाली. जागा स्वीकारण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते. ते दिवस घरात काका, आत्या आणि पुण्याच्या मामांचे सल्ले घेण्यात गेले. वसतिगृह नक्की नाही, ओळखीचे कोणी नाही, मुलीची जात; मुदत संपली तेव्हा कोणी ‘नाही’ असे म्हटलेच नव्हते. पुढे ती इंदूरलाच शिकली आणि चांगली शिकली. येथेही देवी अहिल्या विश्वविद्यालय आहे, सागरला केंद्रीय विद्यापीठ आहे, त्यात कमीपणा काही नाही. परंतु तो तिने निवडलेला रस्ता नव्हता. पाठवायचे की नाही, खर्च किती झेपेल, वसतिगृह न मिळाल्यास खोली कोण पाहील, पहिल्या दिवशी सोबत कोण जाईल, ही सारी बोलणी नाताळच्या सुट्टीत, अर्ज भरण्याच्या आधी, मुलीला समोर बसवून व्हावीत. आणि जे ठरेल ते त्याच दिवशी पुण्याच्या मामांनाही कळवून टाकावे.