हाताला वळण लागताना

वसमत तालुक्यातील हट्टा हे गाव हळद, कापूस आणि सोयाबीन यांच्या मुलखात वसलेले आहे, आणि कृषिजीवी समाजात बालकाची पारख त्याच्या पाटीआधी त्याच्या हातापायांवरून होत असल्यामुळे, ज्या लेकराच्या हातून पाण्याचा तांब्या हटकून निसटतो, ज्याला नवव्या वर्षीही पायजम्याची नाडी बांधता येत नाही आणि विटीदांडूच्या डावात ज्याला कोणी आपण होऊन आपल्या बाजूला घेत नाही, त्याच्यावर ‘धांदरट’ हा शिक्का एकदा बसला की तो सहसा पुसला जात नाही. वस्तुतः अशा बालकाची बुद्धी शाबूत असते, दृष्टी निर्दोष असते, स्नायूंत प्रत्यक्ष दुखणे नसते. तरीही मनात योजलेली हालचाल अंगात उतरताना तिचा क्रम, वेग आणि जोर यांचा मेळ बसत नाही. वैद्यकशास्त्र ह्यास विकासात्मक समन्वय-विकार म्हणते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात त्याला १९८७ मध्ये स्थान मिळाले, आणि शाळकरी मुलांत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते ६ धरले जाते; म्हणजे ४० मुलांच्या वर्गात सरासरीने दोन. गावातल्या शाळेने त्यांची मोजदाद केली असो वा नसो, गणित हट्ट्याला वगळणार नाही.

नवी हालचाल शिकताना मेंदू आधी तिचा अंदाज बांधतो, प्रत्यक्ष कृतीशी तो ताडून पाहतो आणि चूक वजा करीत जातो; काही आवृत्तींनंतर हे काम सवयीच्या हवाली होऊन चित्त मोकळे होते. या मुलांत हा ताळा लवकर जमत नाही, असे संशोधकांचे अनुमान आहे. परिणामी इतर मुले गुरुजींच्या बोलण्याचा अर्थ लावीत असतात, तेव्हा अशा मुलाचे सारे अवधान ‘ळ’च्या दोन वळशांत आणि शिरोरेषेत खर्ची पडलेले असते. अक्षर वाईट, सबब तोच धडा दहा वेळा लिहून आणावा, असा जो शिरस्ता आपल्याकडे चालत आला, तो या मुलांपुरता तरी मला निव्वळ क्रूर वाटतो. दमलेल्या हाताने काढलेले दहावे पान पहिल्याहून वाईटच उतरते आणि तेच वळण हातात मुरते.

सुधारणा कशाने होते, याविषयी गेल्या अर्धशतकात मत बरेच पालटले. १९७० च्या दशकात जीन एअर्स या अमेरिकन विदुषीच्या प्रभावाने, झोके, डुगडुगत्या फळ्या इत्यादी साधनांनी संवेदनांचे एकीकरण साधले की पुढची कौशल्ये ओघानेच येतील, अशी आशा बाळगली गेली. या मुलांच्या बाबतीत ती फारशी फळली नाही. आणि २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी, जे काम यायला हवे तेच काम शिकवावे, या मार्गाला पसंती दिली. कॅनडात हेलेन पोलाटायको आणि अँजेला मँडिच यांनी रूढ केलेल्या पद्धतीत लक्ष्य मूल स्वतः निवडते, बेत स्वतः आखते, करून पाहते आणि कोठे बिघडले ते स्वतः तपासते. शिकवणारा उत्तर पुरवीत नाही, प्रश्न विचारतो.

ही दृष्टी महाराष्ट्राला सर्वस्वी परकी नव्हे. १९२६ पासून नूतन बाल शिक्षण संघाचे कार्य वाहणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांना शिकविताना माँटेसरीबाईंची महागडी साधने बाजूस ठेवून त्यांनी शिंपले, बिया, खडे आणि पाने हाती दिली. मूल बालवाडीत येत नाही तर बालवाडीच त्याच्या अंगणात न्यावी, असा त्यांचा बाणा होता. माँटेसरी-साहित्यात गुंड्या लावण्याच्या सरावासाठी कापड ताणलेली लाकडी चौकट असते. माझे मत विचाराल तर, समन्वयाची अडचण असलेल्या मुलाला ती चौकट फारशी तारत नाही, कारण तिथल्या गुंड्या समोरून दिसतात आणि सदऱ्याच्या गुंड्या स्वतःच्या छातीवर, हनुवटीखाली, चाचपडत लावाव्या लागतात. सराव सदऱ्यावरच हवा, तोही खालच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या गुंडीपासून.

नाडीचेही तसेच. आईने सारी गाठ बांधावी आणि शेवटचा ताण तेवढा लेकराकडे सोपवावा. तो हमखास जमू लागला की अखेरच्या दोन पायऱ्या, मग तीन, असे उलट्या क्रमाने मागे सरकावे, म्हणजे प्रत्येक वेळी काम पुरे केल्याचे यश त्याच्याच पदरी पडते. लिहिताना पाटीवरच्या पेन्सिलीचा मुद्दाम आखूड तुकडा द्यावा, म्हणजे मूठ वळण्याची सोय न राहता चिमूट आपोआप धरली जाते. पाटी उतरती टेकवावी, पाठीला भिंतीचा आधार असावा. झेलण्यासाठी चेंडू मोठा, मऊ, जवळून आणि सावकाश टाकलेला असावा. अंतर मागाहून वाढवावे. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत, पण त्यांत खाडा नसावा.

रोजची कामे अशी पायरीपायरीने शिकविण्याचे, म्हणजे व्यवसायोपचाराचे, शास्त्र आपल्याकडे रुजविले ते कमलाताई निंबकर यांनी; जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिले शिक्षणवर्ग सुरू केले. या विषयाचे तज्ज्ञ आजही बहुधा शहरांतच गाठ पडतात. खेड्यापर्यंत पोहोचणारी यंत्रणा म्हणजे २०१३ मध्ये पालघर येथे आरंभ झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याचे पथक अंगणवाडीची वर्षातून दोनदा आणि शाळेची एकदा तपासणी करते. पालकाने त्या दिवशी संकोच न करता नाडी, तांब्या, पडणे-धडपडणे सारे सांगावे, कारण घाईच्या तपासणीत ते दिसण्यासारखे नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत ‘डिस्प्रॅक्सिया’चा, म्हणजे स्थूलमानाने याच अडचणीचा, नामनिर्देश केला आहे, ही गोष्ट शाळेच्या दप्तरी माहीत असलेली बरी.

काही लक्षणे मात्र घरगुती सरावावर सोडू नयेत. आधी जमत असलेली गोष्ट मूल विसरू लागले, एकच बाजू लुळी वाटली, किंवा जमिनीवरून उठताना ते स्वतःच्या मांड्यांवर हात टेकीत चढू लागले, तर दुखणे निराळे असण्याचा संभव असतो. अशा वेळी हयगय न करता जिल्हा रुग्णालय गाठावे.

राहता राहिली सायकल. राज्यातील मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात, आणि एखाद्या घरी ती भिंतीला टेकून गंजते, ते मुलीला शिकण्याची हौस नसते म्हणून नव्हे, तर तोल साधत नाही म्हणून. पेडल काढून टाकावीत, दोन्ही पाय जमिनीला पुरेपूर टेकतील इतकी बैठक खाली घ्यावी, आणि किंचित उताराच्या मोकळ्या रानात पायांनी रेटत तिला घरंगळू द्यावे. तोल साधल्यावर पेडल पुन्हा बसवावीत. ब्रेक तेवढे पहिल्या दिवसापासून हाताखाली असावेत, कारण आपल्याला थांबता येते हा भरवसा आल्यावाचून ही मुले पाय उचलीत नाहीत.