प्रवासातील आजार आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या

आपल्या समाजातील माणूस आता पूर्वीपेक्षा पुष्कळ प्रवास करतो. ऑक्टोबरात नागपूर, डिसेंबरात मुंबई, सवड मिळाल्यास बोधगया, सारनाथ. शिवाय मुलांच्या परीक्षा आणि नोकरीच्या मुलाखती असतातच. परत आल्यावर मात्र घरात सर्दी, ताप, जुलाब सुरू होतात. म्हणून निघण्यापूर्वीच 'क' जीवनसत्त्वाच्या किंवा 'मल्टिव्हिटॅमिन'च्या गोळ्या घेण्याची पद्धत पडली आहे. या गोळ्यांनी आजार खरोखर टळतो काय? ऐकीव गोष्ट पारखून घेण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. तीच कसोटी आम्ही येथे लावीत आहोत.

जीवनसत्त्वे शरीराला अत्यल्प प्रमाणात लागतात, पण ती मुळीच मिळाली नाहीत तर रोग होतो. लांबच्या सफरीवरील खलाशांना ताजी फळे-भाजी मिळत नसे; त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई व अनेकजण दगावत. या रोगास स्कर्व्ही म्हणतात. इ.स. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश डॉक्टरने सॅलिस्बरी जहाजावरील १२ रुग्णांना दोन-दोनच्या गटांत निरनिराळे उपचार दिले. ज्या दोघांना संत्री व लिंबू मिळाले ते सर्वांत लवकर सुधारले. या फळांतील गुणकारी घटक म्हणजेच 'क' जीवनसत्त्व. परंतु उणीव भरून काढल्याने रोग बरा होतो, यावरून गरजेपेक्षा जास्त घेतल्यास इतर रोगही टळतील, असे सिद्ध होत नाही. नेमकी येथेच गल्लत होते.

ही समजूत जगभर पसरण्यास लायनस पॉलिंग हे मोठे रसायनशास्त्रज्ञ बरेचसे कारणीभूत झाले. दोन नोबेल पारितोषिके मिळविलेल्या या विद्वानाने १९७० साली पुस्तक लिहून सर्दी टाळण्यासाठी 'क' जीवनसत्त्वाचे मोठे डोस सुचविले. त्यानंतर पुष्कळ चाचण्या झाल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात ११ हजारांहून अधिक लोकांवरील चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. रोज गोळी घेणाऱ्या सर्वसामान्य माणसांना सर्दी होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. सर्दीचा काळ मोठ्यांत सुमारे ८ टक्के व मुलांत सुमारे १४ टक्के घटला. म्हणजे सात दिवसांच्या सर्दीत मोठ्यांना जेमतेम अर्ध्या दिवसाचा फरक! सर्दी झाल्यावर गोळी सुरू केली तर निश्चित असा लाभ दिसला नाही. मॅरेथॉन धावपटू, कडक थंडीत कष्ट करणारे सैनिक अशांमध्ये मात्र सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले. रेल्वेचा प्रवास कितीही गर्दीचा असला तरी तो या प्रकारात मोडत नाही.

प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे ८० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व पुरते. १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम असते. म्हणजे स्वच्छ धुतलेला एक पेरू दिवसाची गरज भागवून उरतो. आवळा, लिंबू, संत्रे आहेतच. जादा 'क' जीवनसत्त्व बहुतांशी लघवीवाटे निघून जाते. फार मोठ्या मात्रेने उलट जुलाब होतात. 'अ' व 'ड' जीवनसत्त्वे तर शरीरात साठतात आणि अतिरेकाने अपाय करतात. 'ब' जीवनसत्त्व खाल्ल्याने डास चावत नाहीत, हाही गैरसमजच आहे. मच्छरदाणी व अंगभर कपडे हाच खरा उपाय.

मग प्रवासात आजार येतो कोठून? जुलाब, कावीळ, विषमज्वर येतात मुख्यतः दूषित पाणी, उघड्यावरचे अन्न व अस्वच्छ हात यांतून. तेथे गोळी काय करणार? पाणी उकळलेले किंवा सीलबंद बाटलीचे प्यावे, अन्न गरम असतानाच खावे, फळ स्वतः सोलून खावे आणि साबणाची वडी जवळ ठेवावी. विषमज्वराची लस निघण्यापूर्वी काही आठवडे डॉक्टरांना विचारून घ्यावी.

तरीही जुलाब झालेच तर मृत्यू ओढवतो तो शरीरातील पाणी व क्षार गेल्यामुळे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडावाटे दिले व मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. ओआरएसची पाकिटे स्वस्त असतात. ती पिशवीत अवश्य असावीत. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडेथोडे पाजावे. लहान मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसले तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठावा.

गोळ्या सर्वांनाच निरुपयोगी आहेत असे आमचे म्हणणे नाही. गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक अ‍ॅसिड, शुद्ध शाकाहारी माणसात उणीव आढळल्यास 'ब-१२', जुलाब झालेल्या मुलास ओआरएससोबत झिंक, यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. डॉक्टरांनी दिलेल्या अशा गोळ्या प्रवासातही चुकवू नयेत.

विद्यार्थी मित्रांनो, गोळ्यांच्या पाकिटाला लागणारे पैसे साबण, ओआरएस व चार फळांवर खर्च करा आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही हे समजावून सांगा. कष्टाचा पैसा भ्रमावर न जाता आरोग्यावर खर्च व्हावा, एवढीच आमची इच्छा आहे.