गॅरेजचे बिल अंदाजापेक्षा जास्त आले तर?

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे भुईगाव, सोपारा, पापडी या बाजूला, छोट्या व्यापाऱ्याचा धंदा आता बराचसा चारचाकीवर चालतो. गाडी एक दिवस बंद राहिली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. सर्व्हिस सेंटरवाल्यांना हे पक्के ठाऊक असते, आणि अवाच्या सव्वा आलेले बिल मुकाट्याने भरले जाण्याचे मूळ कारणही हेच आहे. बिलाबद्दल हरकत कशी घ्यावी, कायदा कुठे आपल्या बाजूने आहे आणि कुठे नाही, हे या वेळी आम्ही सांगणार आहोत.

उदाहरणादाखल धरून चला, भुईगावच्या एका दुकानदाराने माल नेण्याची व्हॅन सर्व्हिसिंगला टाकली. सकाळी सांगितलेला अंदाज ६,००० रुपयांचा. संध्याकाळी हातात पडलेले बिल १४,५०० रुपयांचे. वाढीव ८,५०० रुपये असे : ब्रेक पॅड २,८००, इंजिन फ्लशिंग १,२००, थ्रॉटल बॉडी सफाई १,१००, गाडीच्या खालच्या बाजूला गंजरोधक कोटिंग ३,००० आणि 'कन्झ्युमेबल्स' या नावाखाली ४००. दुकानदार म्हणतो, मला विचारले नाही. काउंटरवरचा माणूस जॉबकार्ड पुढे करतो, त्यावर दुकानदाराची सही आहे.

खरा तंटा या सहीपाशी आहे. जॉबकार्ड म्हणजे गाडी ताब्यात घेताना भरलेला कागद. तो नुसती पावती नाही, तो करार आहे. त्याच्या तळाशी किंवा पाठीमागे बारीक अक्षरांत बहुधा छापलेले असते की आवश्यक वाटेल ते जादा काम करण्यास मालकाची संमती आहे. घाईत सही झाली की तेच वाक्य पुढे आपल्यावर उलटते. म्हणून सहीच्या वरच्या बाजूला स्वतःच्या हाताने लिहावे : "अंदाज रु. ६,०००. जादा काम लेखी विचारल्याशिवाय करू नये. काढलेले जुने पार्ट परत द्यावेत." मग कागदाचा मोबाइलवर फोटो काढावा. काउंटरवरचा माणूस कुरकुर करील, पण हे लिहिण्यास कोणी मनाई करू शकत नाही. दुपारी फोन आला की अमुक पार्ट खराब आहे, तर "मेसेज करा, दरासकट" एवढेच उत्तर द्यावे. तोंडी 'हो' म्हटल्याचा पुरावा दोघांकडेही नसतो, आणि तेव्हा ज्याच्या ताब्यात गाडी असते त्याचेच म्हणणे खरे ठरते.

आपल्याकडे ही गोष्ट नवी वाटण्याचे कारण नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, आणि फिकहमध्ये इजाऱ्याचा करार सही होण्यासाठी काम व उजरत दोन्ही आधी ठरलेली असावी लागतात. गिऱ्हाइकाने हे गॅरेजवाल्याला सांगावे तसे आपल्या गॅरेजवाल्या, डेंटिंग-पेंटिंगवाल्या, शिंपीकाम आणि सुतारकाम करणाऱ्या बिरादरांनीही ते ध्यानात घ्यावे. "बघू, नंतर हिशेब करू" यात गिऱ्हाईक नेहमीच बुडते असे नाही, पुष्कळदा कारागीरच बुडतो. कार्बन घातलेले अंदाजपुस्तक कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

आता बिल हाती आलेच आहे, तर पहिला मोह होतो भांडून गाडी काढून नेण्याचा. येथे सावध राहिले पाहिजे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ज्याने एखाद्या वस्तूवर मेहनत किंवा कसब खर्च केले आहे, त्याला त्या कामाची वाजवी मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क आहे. कायद्यात उदाहरण दिले आहे ते जवाहिऱ्याचे. पैलू पाडण्यास दिलेला कच्चा हिरा तो पैसे मिळेपर्यंत ठेवू शकतो. पण दुसरे उदाहरण शिंप्याचे आहे : कोट शिवून होताच देईन आणि पैशांसाठी तीन महिने थांबेन असे शिंप्याने कबूल केले असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. हनफी फिकहमध्येही असाच भेद आढळतो. रंगारी किंवा धोबी, ज्यांच्या कामाचा असर वस्तूवर राहतो, ते उजरतीसाठी वस्तू रोखू शकतात, पण ओझे वाहणारा हमाल तसे करू शकत नाही.

दुसऱ्या किल्लीने गाडी गुपचूप काढून नेणे तर फारच धोक्याचे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ खाली घड्याळाचे उदाहरण होते. दुरुस्तीचे पैसे देणे असताना, घड्याळजीने हक्काने अडवलेले स्वतःचेच घड्याळ त्याचे तारण बुडवण्याच्या हेतूने उचलून नेले, तर ती चोरी ठरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ३०३ मध्येही चोरीची हीच व्याख्या आहे. म्हणजे माणूस आपल्याच गाडीचा चोर ठरू शकतो !

पण गॅरेजच्या या हक्कालाही मर्यादा आहे. तो त्या गाडीवर केलेल्या त्या कामापुरताच आहे. मागच्या वर्षी दुसऱ्या टेम्पोची उधारी राहिली होती, म्हणून आज ही व्हॅन रोखून धरता येत नाही. तसा सर्वसाधारण हक्क कलम १७१ ने बँका, आडत्ये वगैरे मोजक्यांनाच दिला आहे, मेकॅनिकला नाही. करारात तसे लिहून दिले असेल तर गोष्ट वेगळी.

मग मार्ग कोणता ? आमच्या मते शहाणपणाचा मार्ग असा. ठरलेले ६,००० रुपये निर्विवाद द्यावेत. वादग्रस्त रकमेबद्दल मॅनेजरशी बोलावे, नुसत्या काउंटरवाल्याशी नव्हे. तो ऐकत नसेल आणि गाडी सकाळी हवीच असेल, तर पूर्ण पैसे भरावेत, पण बिलाच्या दोन्ही प्रतींवर "रु. ८,५०० हरकत राखून, गाडी सोडवण्यासाठी भरले" असे लिहून सही करावी. लिहू देत नसतील तर त्याच मिनिटाला तोच मजकूर त्यांच्या ई-मेलवर किंवा मोबाइलवर पाठवावा. पैसे रोखीने न देता बँकेमार्फत द्यावेत. असे भरलेले पैसे म्हणजे कबुली नव्हे, ते पुढे परत मागता येतात.

सगळे ८,५०० परत मागावेत काय ? आम्हाला तसे वाटत नाही. ब्रेक पॅड खरोखर झिजले होते आणि नवे आज गाडीत बसले आहेत, तर करार कायद्याच्या कलम ७० चा आधार गॅरेजवाला घेऊ शकेल. फुकट देण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ समोरच्याने घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो, असे ते कलम सांगते. तेथे कामाबद्दल न भांडता दराबद्दल भांडावे. इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल सफाई आणि कोटिंग यांची गोष्ट वेगळी. ही कामे कंपनीने गाडीबरोबर दिलेल्या पुस्तकातील सर्व्हिसच्या तक्त्यात त्या किलोमीटरला दाखवली आहेत काय, हे पाहावे. दाखवली नसतील आणि संमतीही नसेल, तर हरकत भक्कम. कोटिंग सरसकट निरुपयोगी आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. भुईगावसारख्या समुद्रकाठी खारे वारे पत्रा लवकर खातात, आणि जुलै २०१८ सारखे पाणी वसईत भरले की खालची बाजू आणखी गंजते. पण ते करावे की नाही हे गाडीच्या मालकाने ठरवायचे.

बिलातील एक फसवणूक सहज पकडता येते. पाकिटबंद स्पेअर पार्टवर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते. ती किंमत लावून वर पुन्हा जीएसटी चढवणे बेकायदा आहे, आणि त्याची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे करता येते. म्हणून जुन्या पार्टबरोबर नव्याचे रिकामे खोकेही मागून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे. पूर्वी पुष्कळ भागांवर तो २८ टक्के होता. बिलात अजून जुना दर दिसला तर तेथेच थांबवावे. ऑइल बॅरलमधून सुटे घातले असेल तर किती लिटर व काय दराने, हे विचारावे. 'कन्झ्युमेबल्स' म्हणजे काय काय, याचीही फोड मागावी. आमचा अनुभव असा की हा एक प्रश्न विचारताच ती रक्कम पुष्कळदा आपोआप गळते.

"बाहेर काम केले तर वॉरंटी जाईल" ही धमकीही नेहमीची. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात न देणे आणि बाहेरच्या गॅरेजात गेल्यास वॉरंटी नाकारणे, हे त्यामागचे आक्षेप होते. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या, पण आयोगाने मांडलेला मुद्दा आपल्या गॅरेजवाल्यांच्या पोटापाण्याचाच आहे. वॉरंटी संपलेल्या गाडीला तर ही धमकी लागूच पडत नाही.

मॅनेजर आणि कंपनी दोघेही दाद देत नसतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथून सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. १९८६ च्या जुन्या कायद्यात समोरचा पक्ष जेथे धंदा करतो किंवा प्रकरण जेथे घडले तेथे जावे लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही दावा चालतो. गाडी सुरतेत दुरुस्त केली तरी भुईगावच्या माणसाला सुरतेला खेटे घालण्याची गरज नाही. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची. गाडी अजून गॅरेजातच अडकली असेल तर ती सोडवण्यासाठी अंतरिम आदेश मागता येतो. निकाल ३ महिन्यांत, तपासणी लागत असल्यास ५ महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून अधिक वेळ जातो, हे धरूनच पाऊल टाकावे.

व्यापाऱ्याने मात्र एक अडचण आधी समजून घ्यावी. धंद्यासाठी घेतलेली सेवा या कायद्याबाहेर आहे. अपवाद एवढाच की स्वतः राबून केवळ उदरनिर्वाहासाठी ती घेतलेली असावी. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या खटल्यात याचा उलगडा केला. हे प्रकरण महाराष्ट्राच्या राज्य आयोगातूनच वर गेले होते आणि ते एका यंत्राच्या खरेदीचे होते. रिक्षा, ट्रक किंवा लेथ मशीन स्वतः चालवून पोट भरणारा ग्राहक आहे, मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून त्याचा हक्क जात नाही. पण तीच वस्तू पूर्णपणे दुसऱ्याच्याच हाती चालवण्यास दिली, तर तो ग्राहक राहत नाही. तेव्हा एकच टेम्पो स्वतः हाकणाऱ्या भावाने तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे आणि स्वतःच्या लायसन्सची प्रत जोडावी. तीन-चार गाड्या ड्रायव्हरांवर चालवणाऱ्याने ग्राहक आयोगात वेळ दवडण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. त्याचा मार्ग बहुधा दिवाणी न्यायालयातून जाईल, आणि तेथेही जॉबकार्डाचा फोटो व हरकत नोंदवलेले बिल हेच कागद पहिल्यांदा मागितले जातील.