मालवणचे सागरी अभयारण्य : किल्ला, प्रवाळ आणि खाडी

मालवण बंदरावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेली होडी सरळ जात नाही. पाण्याखाली दडलेले खडक टाळीत, वळणे घेत नावाडी ती नेतो. प्रवाशाचे लक्ष तटाकडे असते, नावाड्याचे मात्र खडकांकडे. या परिसराचे महत्त्व समजून घ्यावयाचे असेल, तर तो नावाड्याच्या नजरेने पाहावयास हवा.

खडकांनी राखलेला किल्ला

छत्रपती शिवाजी महाराजांनी आरमारी ठाण्यासाठी कुरटे बेट निवडले, त्यात या खडकांचा मोठा वाटा होता. अनोळखी गलबताला येथे शिरणे धोक्याचे होते. किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन होऊन २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झाली आणि १६६७ मध्ये किल्ला पूर्ण झाला. सुमारे ४८ एकरांच्या या बेटावर नागमोडी तटात लपलेले महाद्वार, राजाराम महाराजांनी बांधविलेले श्रीशिवराजेश्वर मंदिर आणि भोवती खारे पाणी असूनही गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरी आवर्जून पाहण्यासारख्या आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूप्रदेशातील जे बारा किल्ले समाविष्ट झाले, त्यांत सिंधुदुर्ग एक आहे.

पाण्याखालील वस्ती

याच खडकांवर प्रवाळांची वस्ती आहे. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी तो सूक्ष्म जीवांचा समूह असतो. त्यांच्या शरीरात राहणारी शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. म्हणून पाणी गढूळ झाले, की प्रवाळांची उपासमार होते. पाणी फार तापले, की ही शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. त्यांच्या कपारींत लहान मासे आश्रय घेतात व वाढतात.

ही जीवसृष्टी टिकावी म्हणून वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये १३ एप्रिल १९८७ रोजी सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले. सिंधुदुर्ग व पद्मगड यांचा परिसर त्याच्या गाभाक्षेत्रात येतो. २००१ पासून कठीण प्रवाळांना याच अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

खाडीचे नाते

अभयारण्याला सीमा असते, माशाला नसते. मालवणच्या दक्षिणेस देवबागजवळ कर्ली नदी समुद्रास मिळते. तिच्या खाडीतील कांदळवनांत कोळंबी, खेकडे, कालवे आणि तांबोशीसारख्या माशांची पिल्ले वाढतात. कांदळवनांची मुळे गाळ अडवितात आणि काठाची धूप रोखतात. त्यामुळे खाडीकाठी झालेल्या तोडीचा परिणाम समुद्रातील मासळीवरही होतो. राज्य शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला.

विश्वासाचा प्रश्न

अभयारण्य घोषित झाले तेव्हा मच्छिमारांच्या मनात शंका उभी राहिली : आपली रापण कोठे ओढावयाची? ही शंका अनाठायी म्हणता येणार नाही. ज्यांचे घर मासळीवर चालते, त्यांना संरक्षण हा शब्द बंदीसारखा ऐकू येतो. परंतु प्रवाळ व कांदळवने नष्ट झाली, तर जाळ्यात येणारी मासळीही घटेल, हे मच्छिमारांइतके कोणास ठाऊक असणार? नियम आखताना त्यांचे म्हणणे आधी ऐकून घेतले, तर राखणदारही त्यांच्यातूनच मिळतील.

पाहुण्यांचे व गावाचे कर्तव्य

पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते. ऑक्टोबर ते मार्च हा काळ भेटीस सोयीचा होय. पाण्यात उतरणाऱ्याने प्रवाळांवर उभे राहू नये, त्यांचा तुकडा सोबत नेऊ नये आणि माशांना पाव वा बिस्किटे घालू नयेत. होडीचा नांगर प्रवाळांवर पडणार नाही, याची काळजी होडीमालकांनी घ्यावी.

ग्रामपंचायतींनी निवासस्थानांचे सांडपाणी प्रक्रिया न होता खाडीत जात नाही ना, हे पाहावे आणि कांदळवनात भराव पडताच महसूल व वन विभागास कळवावे. शिक्षकांनी किल्ल्याच्या सहलीला ओहोटीच्या वेळेची जोड द्यावी. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरील शिंपले व खेकडे पाहिलेल्या मुलास, महाराजांनी हेच बेट का निवडले आणि मालवणात मासळी का मिळते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडेल.