खगोलशास्त्राचे शालेय अध्यापन
आकाशस्थ ज्योतींच्या गतींचे ज्ञान विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष वेधांद्वारे करून देण्याची पद्धती. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे विधान मुले अनेकदा पाठ करतात. नासिकमधील पंचवटी (सु. २०° उ., ७३.८° पू.) येथे ते पारखून पाहता येते. शाळेच्या अंगणात ओळंब्याने सरळ काठी (शंकू) रोवून दर पाच मिनिटांनी छायेचे टोक खडूने नोंदवावे. सर्वांत आखूड छाया सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास पडते. कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पू. रेखांशाची असून पृथ्वीला १° फिरण्यास ४ मिनिटे लागतात. छाया पूर्णपणे नाहीशी होते, ती मात्र वर्षातून दोनदाच, २० मे व २३ जुलैच्या सुमारास; त्या वेळी सूर्याची क्रांती स्थळाच्या अक्षांशाएवढी असते. दुर्दैवाने पहिल्या वेळी सुटी, तर दुसऱ्या वेळी बहुधा ढग असतात. म्हणून मे महिन्यातील वेध मुलांना घरच्या अंगणात घेण्यास सांगावा. सूर्याकडे थेट पाहू देऊ नये.

रामकुंडावरील सिंहस्थ मेळा (२००३, २०१५) मुलांच्या परिचयाचा असतो. गुरू सिंह राशीत आल्यावर तो भरतो. परंतु बारा वर्षांचे हे अंतर स्थूल होय. गुरूची प्रदक्षिणा सु. ११.८६ वर्षांची असल्याने सात प्रदक्षिणा ८४ नव्हे, तर सु. ८३ वर्षांत पूर्ण होतात. हे गणित वरच्या वर्गांतील मुलांकडून करवून घ्यावे.